२८ लिटरचा ओटीजी नाताळच्या जेवणाला पुरतो का?

ओटीजी म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, विजेवरचा छोटा ओव्हन. त्याचे रिव्ह्यू वाचायला गेलं, की निम्म्या लोकांनी खोकं फोडल्याच्या दुसऱ्या दिवशीच पाच तारे देऊन टाकलेले दिसतात. तोवर बिचाऱ्यांनी फार तर दोन टोस्ट भाजलेले असतात. मी मात्र नाताळ पार पडल्यावर लिहितोय. आमच्यासारख्या घरात ओव्हनची खरी परीक्षा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच होते. बाकी वर्षभर तो पाव गरम करायलाच.

मी वसईचा, पापडीकडचा ईस्ट इंडियन, म्हणजे वसई-मुंबईकडच्या जुन्या ख्रिस्ती समाजातला. बायको गोव्याची, बार्देशातली. आता राहतो वसई रोडला, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. २५ तारखेच्या रात्री जेवायला चौदा-पंधरा माणसं असतात. माझ्या माणसांना बदकाचं मोईल (मसालेदार रस्सा), इंद्याल (व्हिनेगरमधलं तिखट मांस) आणि फुगे (तळलेले गोल पाव) हवेत. तिच्या माणसांना सोरपोतेल (व्हिनेगरमध्ये मुरवलेलं डुकराचं मांस) आणि शेवटी बिबिंका (थराथरांचा गोड पदार्थ) नसेल तर नाताळ झाला असं वाटतच नाही. मुलांना टीव्हीत दिसते तशी अख्खी भाजलेली कोंबडी टेबलाच्या मध्यभागी हवी. आणि शेजारचे काका-काकू, जे दर वर्षी येतात आणि ज्यांच्याकडे आम्ही दर दिवाळीला फराळाला जातो, ते अंडंसुद्धा खात नाहीत. या सगळ्यांना एका छोट्या ओव्हनवर कसं सांभाळायचं, एवढाच या रिव्ह्यूचा विषय.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. या मापाचे ओटीजी आतून एकमेकांची सख्खी भावंडं असतात: वर दोन रॉड, खाली दोन रॉड, तीन नॉब, एक ट्रे, एक जाळी, आणि कोंबडी फिरवायची एक सळई जी कोणी वापरत नाही. सहा-सात हजारांच्या घरात मिळतो. तुम्ही कुठलाही घ्या, खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी विजेचं बोलू, कारण दुकानदार ते सांगत नाही. ओव्हन १५०० वॉटचा. म्हणजे साडेसहा अँपियर खेचणार. मिक्सरचा ६ अँपियरचा पॉइंट त्याला चालत नाही, जाड पिनांचा १६ अँपियरचा लागतो. आमच्या ओट्याजवळ तो नव्हता. इलेक्ट्रिशियन आणून वायर ओढून घेतली, तो खर्च ओव्हनच्या किमतीत धरा. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चालवणारे लोक मी पाहिलेत. बोर्ड गरम होतो, प्लगला वास येतो, आणि तरी म्हणतात 'काही होत नाही'. बिलाची भीती मात्र उगाच आहे. रॉड सतत पेटलेले राहिले तरी तासाला दीड युनिट, आणि ते सतत पेटलेले नसतातच. हवं तेवढं तापलं की बंद होतात, थंड व्हायला लागलं की पुन्हा लागतात. दोन तासांच्या केकला तीन युनिटसुद्धा लागत नाहीत.

त्या बंद-चालूतच ओव्हनचा मोठा दोष दडलाय. नॉबवर १८० लिहिलंय म्हणून आत १८० असेल असं अजिबात समजू नका. मी आत टांगायचं साधं थर्मामीटर आणलं. नॉब १८० वर ठेवला तर काटा कधी दोनशेच्या वर, कधी १७० च्या खाली. पहिल्यांदा तापवताना तर तो सरळ सव्वादोनशेच्या पुढे गेला आणि मग हळूहळू खाली आला. म्हणून आता किमान वीस मिनिटं रिकामा तापवायचा, एकदा चढून उतरू द्यायचा, मगच भांडं आत. बिस्किटांना याने फार फरक पडत नाही, फळांच्या केकला पडतो. थर्मामीटर चारशे-पाचशेत येतं. ओव्हनबरोबर एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती घ्या. सिलिकॉनचे हातमोजे नंतर; तोवर जुन्या टॉवेलाची घडी चालते.

दुसरा दोष टायमरचा. तो ६० मिनिटांचाच आहे. फळांचा केक १५० वर दोन तास घेतो. टायमर लावून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला गेलात तर परत येईपर्यंत केक मधे बसलेला मिळेल. त्यासाठी नॉब उलटा फिरवून 'स्टे ऑन'वर ठेवायचा आणि वेळ मोबाईलवर लावायची. तसं केल्यावर ओव्हन आपणहून कधीच बंद होत नाही, तेव्हा घरात जबाबदार माणूस हवा. आमच्याकडे ती जबाबदारी आईकडे. ती ओव्हनसमोर खुर्ची टाकून रोझरी (जपमाळ) म्हणते. तिचं गणित असं, की इतक्या वेळा रोझरी झाली की केक बघायचा, आणि ते मोबाईलपेक्षा भरवशाचं निघालंय.

केकबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येक घराची आपली रीत असते. मनुका, काळे बेदाणे, खजूर, संत्र्याची साल, काजू, सगळं रममध्ये नोव्हेंबरपासून मुरत ठेवलेलं. साखर जाळून काळा रंग आणलेला. ओव्हनच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, रॉड भांड्याच्या इतके जवळ असतात की कडा आधी करपतात. टिनाच्या बाहेरून खाकी कागदाचे दोन पदर सुतळीने बांधायचे, आणि तासाभराने वर बटर पेपरची टोपी ठेवायची. दोन, सात इंची दोन टिन तिरके, एक पुढे एक मागे, मावतात, पण मागचा आधी होतो. अर्ध्या वेळानंतर जागा बदलायची. दार उघडायचं ते तेव्हाच आणि तेही पटकन.

आता या डब्याचं खरं कौतुक. ते बिबिंकेपाशी आहे.

गोव्यात माझ्या सासूबाई बिबिंका चुलीवर करायच्या. खाली अगदी मंद आच आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे, कारण या पदार्थाला उष्णता वरून लागते. नारळाचं दूध, साखर, मैदा, जायफळ आणि भरपूर पिवळे बलक यांचं पातळ पीठ. भांड्यात तूप, त्यावर एक डाव पीठ, वरून भाजलं की पुन्हा चमचाभर तूप, पुन्हा एक डाव. असे रीतीप्रमाणे सात थर. निखारा विझला की बदला, राख उडाली की शिव्या. दुपार जायची त्यात.

ओटीजीमध्ये एक नॉब असतो, ज्यावर फक्त वरचे रॉड चालू करता येतात. ओव्हन घेणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना तो कशासाठी आहे हे ठाऊक नसतं. तो बिबिंकेसाठी आहे, असं माझं ठाम मत. पहिल्या थराला दोन्ही रॉड, म्हणजे तळ बसतो. मग नॉब वरच्या रॉडवर. जाळी वरच्या खाचेत. काचेतून बघत बसलं की दिसतं: आधी पिठाचा पृष्ठभाग नुसता थरथरतो, मग कडेला तुपाचे बारीक बुडबुडे येतात, मग मधे फुगवटा धरतो, आणि दोन मिनिटांत त्यावर तांबूस ठिपके उमटायला लागतात. ठिपके एकमेकांना मिळाले की बाहेर काढायचं. अजून थांबलात तर कडू होतं. लवकर काढलंत तर कापताना थरांची रेघ दिसत नाही, सगळा एकच लगदा. आमच्या ओव्हनमध्ये एका थराला दहा-बारा मिनिटं लागतात, शेवटच्या थरांना कमी, कारण भांडं भरत जाईल तसं पीठ रॉडच्या जवळ जातं. सहाव्या थरापासून जाळी एक खाच खाली घ्यायची. सगळं मिळून दीड-दोन तासांत काम होतं. बायकोने पहिला तुकडा सासूबाईंना पाठवला. त्यांचा निरोप आला की धुराचा वास नाही. खरं आहे, नाही. पण थर मोजून घ्या म्हणावं.

बिबिंका कापायची दुसऱ्या दिवशी, पूर्ण थंड झाल्यावर, उलटी करून. म्हणजे ती आदल्या दिवशीच ओव्हनमधून मोकळी होते, आणि पंधरा माणसांच्या जेवणात हा फायदा लहान नाही.

बलक वापरले की उरलेल्या पांढऱ्याचं काय? इथे आमचं लग्न कामी येतं. वसईकडची थाळी स्वीट, रवा, ओलं खोबरं, बदाम, लोणी, साखर आणि गुलाबपाणी घालून थाळीत भाजलेली, आमच्या घरी फक्त पांढऱ्यावर करतात. फेसून फेसून घट्ट केलेलं पांढरं शेवटी हलक्या हाताने मिसळायचं. तिचे बलक, माझं पांढरं, एकही अंडं वाया नाही. थाळी घेताना मात्र माप बघा. आईची जुनी पितळी थाळी कल्हई करून आणली आणि ती दारातून आतच जाईना. या ओव्हनमध्ये अकरा इंचांच्या वर काहीही नेऊ नका. भांडं ओव्हनच्या भिंतीला टेकलं की हवा फिरत नाही आणि ती बाजू कच्ची राहते.

आता कोंबडी. जाहिरातीत याच मापाच्या ओव्हनमध्ये अख्खी टर्की दाखवतात, हा निव्वळ चावटपणा आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून कोणी पाच किलोची टर्की उचलून आणली, तर तिला या डब्यात फक्त मान ठेवायला जागा मिळेल. सव्वा किलोची कोंबडी व्यवस्थित बसते, दीड किलोची दाटीवाटीने. हिरवी मिरची, लसूण, मिरी, लिंबू आणि लोणी आदल्या रात्री चोळून ठेवायचं, कातडीखालीसुद्धा. भाजण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवायची, नाहीतर बाहेरून लाल आणि हाडाशी गुलाबी. १९० वर सव्वा तास. झाली की नाही हे रंगावरून ठरवू नका, या ओव्हनमध्ये रंग फार लवकर येतो. मांडीच्या जाड भागात सुईचं थर्मामीटर खुपसा. ७४ अंश झाले की झाली. मग पंधरा मिनिटं झाकून ठेवायची आणि तोवर कोणाला हात लावू द्यायचा नाही, विशेषतः माझ्या भावाला.

सळईवर फिरणारी कोंबडी मी एकदा करून बघितली. पाय नीट बांधले नाहीत तर ते रॉडला घासतात. बांधले तर मोटर कुरकुरते. चरबी खालच्या ट्रेमध्ये पडून तडतडते आणि धूर होतो. ती सळई आता आमच्या माळ्यावर आहे.

बदक या ओव्हनमध्ये भाजूच नका. त्याची चरबी एवढी सुटते की उथळ ट्रे भरून वाहतो. आणि गरज काय? आमच्याकडे बदक मोईलसाठीच जन्माला येतं, गॅसवर, जाड बुडाच्या टोपात. मसाला उन्हाळ्यात कुटून बाटल्यांमध्ये दाबून भरलेला बॉटल मसाला.

खरं तर हीच गोष्ट ओव्हन घेण्याआधी कोणीतरी सांगायला हवी होती: आपल्याकडच्या नाताळच्या जेवणातलं निम्म्याहून जास्त ओव्हनकडे बघतसुद्धा नाही. इंद्याल आणि सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून ठेवायचे, रोज एकदा उकळी आणायची. व्हिनेगर मुरतं तसे ते चढत जातात. कुलकुल (मैद्याचे छोटे गोड शिंपले) आणि नेवऱ्या (करंज्या) तळायच्या. मिल्क क्रीम (दुधाची मिठाई) आणि पेरूचं चीज (पेरूच्या गराची वडी, चीज फक्त नावात) कढईत आटवायचं. फुगे तर पाहुणे बसल्यावरच: मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि यीस्टचं सैल पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा पिळून तेलात सोडायचा. आधी करून ओव्हनमध्ये गरम ठेवता येतील का, असं मला दोघांनी विचारलं. येतील. पण मग त्यांना फुगे म्हणू नका.

काका-काकूंची सोय हा या ओव्हनचा दुसरा मोठा उपयोग. बेक्ड व्हेजिटेबल, ते आपलं सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लग्नाच्या बुफेतलं: फरसबी, गाजर, फ्लॉवर, मटार, पांढरा सॉस, वर अमूल चीज आणि पावाचा चुरा. चेष्टा करतात लोक त्याची. पण त्या रात्री मांसाहारी पाहुणेही त्यात दोनदा चमचा घालतात, हे मी पाहिलंय. काकूंसाठी गोडात मिल्क क्रीम, त्यात अंडं नसतं. मार्झिपान (सुक्या मेव्याच्या पिठाची मिठाई) असेल तर तेही बिनअंड्याचं वेगळं करावं लागतं.

इथे एक शिस्त पाळावी लागते. ज्या ओव्हनमध्ये नुकतीच कोंबडी झालीय, भिंतींवर चरबीचे शिंतोडे आहेत, तिथे काकूंची डिश ठेवायची नाही. त्या काही बोलणार नाहीत, पण आपल्याला कळायला हवं. म्हणून आमचा क्रम असा ठरलाय. केक महिन्याच्या मध्यावरच. थाळी आणि बिबिंका एकाच दिवशी, २३ ला, कारण अंडी तेव्हाच फुटतात. २४ ला ओव्हन दुपारी चारपर्यंतच. आमच्याकडे मिस्सा मैदानात होते, आणि रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, या नियमामुळे तथाकथित मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच सुरू होते. २५ ला सहाला भाज्या आत, पावणेसातला बाहेर, झाकून बाजूला. सातला कोंबडी. साडेआठला ओव्हन बंद करून त्याच उरलेल्या उष्णतेत पाव, दार अर्धवट उघडं. भाज्यांची डिश वाढायच्या आधी मायक्रोवेव्हमध्ये. पण मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एका वेळी लावले की आमचा एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच) पडतो, तेव्हा तेही एकामागून एक.

पंधरा माणसांना एक कोंबडी पुरत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. आणखी दोन बेकरीच्या भट्टीत जातात.

ही भट्टीची सेवा जिथे अजून आहे तिथे ओव्हनवाल्या कंपन्यांना घाम फुटायला हवा. आमच्या जवळच्या एका बेकरीत सकाळचे पाव निघाले की नाताळच्या आठवड्यात लोकांचे ट्रे घेतात. ट्रेमागे थोडे पैसे. लाकडाची भट्टी, विटांचं अंग, आणि पाव निघाल्यावर हळूहळू उतरत जाणारी उष्णता. तीत कोंबडीची कातडी जशी खुसखुशीत होते तशी आमच्या डब्यात कधीच होत नाही. एका वेळी वीस-पंचवीस ट्रे आत जातात. तक्रार एकच: तिथे घाई फार, आणि ट्रेवरच्या नावाच्या चिठ्ठ्या तुपाने सुटून येतात. एका वर्षी आमच्या घरी कोणाचा तरी केक आला आणि आमचा कोणाच्या तरी घरी गेला. आलेला बरा होता, पण रम कमी होती. तेव्हापासून माझ्या ट्रेच्या कडेला ऑइल पेंटने खूण आहे. दुसरी अडचण वेळेची, ट्रे दुपारी परत मिळतो आणि जेवण रात्री, म्हणून भट्टीतल्या कोंबड्या आम्ही कापून, ग्रेव्ही घालून गरम करतो. टेबलाच्या मध्यभागी मिरवायला ओव्हनवाली.

आणि भट्ट्या किती दिवस राहतील? मुंबईत २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं गेलं. धुराचा त्रास खराच आहे, त्यावर वाद नाही. बेकरीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, 'बघू, या वर्षी आणा.'

साफसफाईबद्दल एकच. खालचा चुऱ्याचा ट्रे बाहेर येतो, तो रोज काढा. आतल्या भिंतींना घासणी लावू नका, सोड्याची पेस्ट रात्रभर लावून ओल्या फडक्याने पुसा. रॉडवर पाणी नाही.

गुण द्यायचेच तर बिबिंकेला पाचपैकी पाच, केकला चार, कोंबडीला तीन, सळईला शून्य. चार-पाच माणसांचं घर असेल, जवळ भट्टी नसेल आणि केक-बिस्किटांची हौस असेल तर २८ लिटरचा पुरे. पंखा असलेला मिळत असेल तर हजारभर जास्त द्यायला हरकत नाही, भाजणं जरा सारखं होतं. मात्र बिबिंकेच्या वेळी पंखा बंद करता येतो का, ते दुकानातच नॉब फिरवून बघा. दोन कोंबड्या एकदम करायच्या असतील तर ४० लिटरच्या खाली बघू नका, आणि त्याआधी ओट्याची खोली मोजा. घ्यायचा तर ऑक्टोबरमध्ये घ्या. नवीन ओव्हन पहिल्यांदा रिकामा तापवला की रॉडवरच्या लेपाचा वास सुटतो, तो दोन-तीनदा तापवल्याशिवाय जात नाही, आणि डिसेंबरमध्ये तेवढा वेळ कोणाकडे नसतो.